मायझाडाला न सांगता

“काच वर घे. वारं लागतंय,” आत्याबाई म्हणाल्या.

मी काच वर घेतली.

“आता जीव घुसमटतोय.”

मी काच अर्ध्यावर आणली आणि गाडीचा वेग वाढवला. डाव्या हाताला समुद्र होता, उजव्या हाताला वाळूचे डोंगर, आणि दोन्ही धुक्यात बुडालेले. रस्ता तेवढा दिसत होता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, अनसूयाबाई. आमच्या विटा भागात सासूला आत्या म्हणतात, मग ती बापाची बहीण असो वा नसो. नऊवारी लुगडं, त्यावर लेकाचा स्वेटर, पायात लेकाचेच कॅनव्हासचे बूट आणि मांडीवर पानाची चंची, अशा थाटात त्या आफ्रिकेच्या वाळवंटात फिरायला निघाल्या होत्या. नामिबिया हे नाव त्यांनी आल्यापासून एकदाही उच्चारलं नव्हतं. ‘हितं’ म्हणायच्या, आणि मसणवटीचं नाव निघावं तशा म्हणायच्या.

फिरणं हे निमित्त होतं. माझा आठ महिन्यांचा इंद्रजित त्या दिवशी घरी बापाजवळ होता, आणि तो बाटलीनं दूध पितो की नाही हे बघायचं होतं. प्याला, तर आत्याबाई परत जाताना त्याला सोबत गावी नेणार होत्या. दोन वर्षांसाठी. नाही प्याला, तर तो माझ्याजवळ राहणार होता. आई घरात असली की पोर बाटलीला तोंड लावत नाही, म्हणून मला दिवसभरासाठी घराबाहेर काढलं होतं. आणि मी अर्ध्या वाटेतून परत फिरू नये म्हणून आत्याबाई पहाऱ्याला आल्या होत्या. हे माझं म्हणणं नाही, त्यांनीच तसं लेकाला सांगितलं होतं. “मी संगं जाते. न्हाईतर ही काय ऱ्हातीया दिसभर?”

धैर्यशील, माझा नवरा, बंदरावर क्रेनचा इंजिनिअर होता. मला नव्या वर्षापासून तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली होती. “सगळेच पाठवतात गं. आईजवळ राहील, मराठी शिकेल, अंगानं भरेल,” तो म्हणाला होता. मी हो म्हटलं नव्हतं. पण आई आणि लेक एकदा एका बाजूला बसले की सुनेच्या ‘नाही’ला विचारतो कोण?

पोर बारीक होतं हे खरं. मीही बारीकच होते. लग्नाच्या मांडवात आत्याबाई माझ्याकडं बघून जावेच्या कानात म्हणाल्या होत्या, “काडी आणलीया काडी.” कानात म्हणजे काय, चार रांगा मागं बसलेल्या माझ्या मावशीनंही ऐकलं होतं.

“उठला आसंल का?” आत्याबाईंनी विचारलं.

“उठला असेल.”

“रडत आसंल. पर एकदा डब्याचं दूध पोटात गेलं की गप ऱ्हाईल. घट्ट आसतं ते.”

“त्याला माझं दूध पुरतं, आत्याबाई.”

“पुरतं तर पोराच्या बरगड्या का दिसत्यात?” त्यांनी चंची उघडली, पानाला चुना लावला. “तुझा दोष न्हाई बाई. वाळक्या झाडाला हलवून काय फळं पडत्यात? अंगातच न्हाई, तर यील कुठनं?”

भांडल्या असत्या तर मी भांडले असते. पण ‘तुझा दोष नाही’ असं म्हणून त्या अशा हळहळल्या, की मला स्टिअरिंग उपटून बाहेर फेकावंसं वाटलं.

किनाऱ्यावरचं दुसरं गाव मागं टाकून आम्ही समुद्राकडं पाठ फिरवली आणि खडीच्या रस्त्याला लागलो. थोड्याच वेळात धुकं संपलं. संपलं म्हणजे कसं, कुणी चादर ओढून घ्यावी तसं एका जागी संपलं आणि पुढं डोळे दिपवणारं ऊन. सपाट, करडी, दगडगोट्यांची जमीन क्षितिजापर्यंत पडलेली. ना घर, ना माणूस, ना पाखरू. नीट बघितलं की तेवढी दिसायची ती दगडांवर चिकटलेली नारिंगी बुरशी, दगडफुलाच्या जातीची. समुद्राचं धुकं पिऊन ती जगते. तिच्यावरून एकदा गाडीचं चाक गेलं की तो ओरखडा माणसाच्या आयुष्यभर बुजत नाही. अधूनमधून नाण्यांसारख्या गोल, जाड पानांची खुरटी झुडपं होती. मी हे सगळं आत्याबाईंना सांगत होते. का सांगत होते कोण जाणे. बहुधा गप्प बसलं की घरी काय चाललं असेल याचा विचार यायचा म्हणून.

झाडांचं म्हटल्यावर मात्र त्या ऐकत होत्या. त्यांना झाडांचं वेड. विट्याच्या त्यांच्या परड्यात पाय ठेवायला जागा नसायची, आणि त्यातलं एकही रोप विकत आणलेलं किंवा मागून आणलेलं नव्हतं. सगळी चोरलेली. लग्नाला गेल्या की मांडवामागच्या कुंडीतली, देवाला गेल्या की पुजाऱ्याच्या अंगणातली. आमच्या इथल्या खिडकीतही महिनाभरात चार डबे उभे राहिले होते. त्यातलं एक शेजारच्या जर्मन बाईच्या लाडक्या झाडाचं होतं, आणि ती बाई रोज सकाळी आमच्या खिडकीकडं बघून मला विचित्र हसायची.

“इथलं काही तोडायचं नाही हं,” मी म्हणाले. “पान तोडलं तरी पकडतात. उद्यानाच्या गेटावर पाटी होती.”

“मी कशाला तोडू?”

“शेजारणीचं कशाला तोडलंत?”

“रोप चोरूनच आणायचं आसतं. मागून आणलेलं धरत न्हाई.”

“का धरत नाही?”

“आगं, मागितलं की मायझाडाला कळतं. मग त्याची वढ ऱ्हाती त्या फांदीत. ती नव्या मातीत धड लागत न्हाई, झुरून मरती.” त्यांनी खिडकीतून बाहेर पान थुंकलं. “मायझाडाला न सांगता उचललं, की रोप इसरतं. चार दिसांत नवं पान काढतं.”

“आणि मायझाडाचं काय होतं?”

“त्याला काय हुतंय? त्याला फुटतंय की दुसरं.”

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती, पण जोरात बदलला.

ज्या झाडासाठी लोक लांबून या वाळवंटात येतात, तिथं आम्ही थांबलो. वेलविचिया त्याचं नाव. लांबून बघितलं तर कुणीतरी जुनी फाटकी ताडपत्री टाकून दिल्यासारखं दिसतं. जवळ गेलं की कळतं, मधोमध लाकडाचा बसका गड्डा आणि त्यातून निघालेली दोनच पानं. जन्मापासून मरेपर्यंत दोनच. नवीन येत नाही, जुनं गळत नाही. वाऱ्यानं त्यांच्या चिंध्या होतात आणि पानं आपली वाढत राहतात.

“हे झाड हजार वर्षांचं असेल,” मी म्हणाले.

आत्याबाईंनी लगेच बूट काढले, पदर डोक्यावर घेतला आणि झाडाला हात जोडले. हजार वर्षांच्या झाडाला कुठल्या देशात उभं आहे हे विचारत नाहीत. मलाही ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी थोडी पुढं जाऊन दुसरं झाड बघत राहिले. मागं वळले तर त्यांनी गाडीच्या हौद्यातून पिण्याच्या पाण्याचा कॅन ओढून आणला होता आणि झाडाच्या बुडाशी उपडा केला होता. पाणी भळाभळा वाळूत जिरत होतं.

“अहो, काय करताय!”

“तान्हेलं हाय बिचारं. झाडाला पाणी घातल्यालं पुण्य लागतं.”

“ते आपलं प्यायचं पाणी होतं! पुढं कुठंही मिळणार नाही!” मी धावत जाऊन कॅन सरळ केला. तळाला तांब्याभर उरलं होतं.

“वरडू नको. दोन घोट न्हाई मिळालं तर मरत न्हाईस.”

“ते झाड पाण्यावाचून हजार वर्षं जगलंय. त्याला तुमच्या पुण्याची गरज नाही.”

“आन् तुला माझी न्हाई, ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या आणि बूट हातात घेऊन गाडीत जाऊन बसल्या.

उन्हं वर आली तशी माझी छाती दुखायला लागली. पोराची प्यायची वेळ टळून गेली होती, मग दुसरीही टळली. दूध भरत चाललं होतं. खड्ड्यात गाडी आदळली की काखेपर्यंत कळ जायची. पिळून टाकावं तर हलकं वाटलं असतं, पण ते माझ्यानं होईना. ते त्याचं होतं. मी ते वाळूत पिळलं, की त्यानं तिकडं बाटली धरलीच, असं काहीतरी वेड डोक्यात बसलं होतं. आणि आत्याबाईंसमोर तर मी ‘दुखतंय’ एवढंही म्हणणार नव्हते. त्या म्हणाल्या असत्या, “दुखायला हाय का काय त्यात?”

पुढं रस्ता काळ्या खडकांच्या घळीत उतरतो. तिथं सावली बघून मी गाडी लावली. भाकरी आणि ठेचा त्यांनीच पहाटे करून घेतला होता. आम्ही दोघी दोन दगडांवर, एकमेकींकडं पाठ करून जेवलो. शेवटच्या घासाला आत्याबाई एकदम गप्प झाल्या. मघापासून त्यांचं तोंड बंद नव्हतं, त्यामुळं ते माझ्या लक्षात आलं. पण सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी काही विचारलं नाही.

“जरा आडोशाला जाऊन येते,” त्या म्हणाल्या आणि खडकांमागं गेल्या.

मी डोळे मिटून बसले होते. किंकाळी ऐकली तेव्हा आधी वाटलं, साप.

“डोळं गेलं! आगं वैजयंता, माझं डोळं गेलं!”

मी खडकाला वळसा घालून धावले. तिथं एक झाड होतं. एकाच बुंध्यातून माणसाएवढे उंच, बिनपानांचे, धारदार कडांचे खांब निघालेले, कडांवर जोडीजोडीनं काटे. आपल्याकडं वीज पडू नये, दृष्ट लागू नये म्हणून माडीवर त्रिधारी निवडुंग ठेवतात, हुबेहूब तसं. जेवता जेवता त्यांना ते दिसलं होतं. एका खांबाचा शेंडा त्यांनी दगडानं ठेचून मोडला होता, आणि मोडलेल्या जागेतून पांढरंशुभ्र दूध अजून ठिबकत होतं. ठेचताना ते उडालं होतं. दोन्ही डोळ्यांत. आणि त्याच चिकट हातांनी आत्याबाई डोळे चोळत होत्या.

“हात काढा! चोळू नका!” मी त्यांचे हात धरले. त्यांच्या अंगात कुठून एवढं बळ आलं होतं कोण जाणे, मला झटकून टाकत होत्या. त्या झाडाला तिथले लोक विषझाड म्हणतात. पूर्वी शिकारी त्याच्या चिकानं बाणांची टोकं माखत. हे मला ठाऊक होतं, आणि झाड दिसल्यावर त्यांना सांगायला हवं होतं, पण मी त्याच्याकडं पाठ करून भाकरी खात होते.

मी त्यांना ओढत गाडीपाशी आणलं, खाली बसवलं, त्यांचं डोकं मागं केलं आणि कॅनमधलं पाणी डोळ्यांत ओतलं. आधी त्यांचे हात धुतले, मग डोळे. तांब्याभर पाणी ते किती पुरणार? माझ्या बाटलीत अर्धं होतं, तेही ओतलं. संपलं.

“आजून घाल!”

“नाही आता.”

“घाल की गं! आग हुतीया!”

“पाणी नाही, आत्याबाई! झाडाला घातलंत ना सगळं!”

त्या कण्हत पुढं-मागं हलत होत्या. पापण्या भाकरीसारख्या फुगल्या होत्या. मी त्यांना उचलून गाडीत घालायला गेले, तर त्यांनी माझं मनगट पकडलं.

“दूध घाल.”

“काय?”

“दूध घाल डोळ्यात. शेराचा चीक गेला की आमच्यात बाळंतिणीचं दूध घालत्यात. माझ्या भावाच्या डोळ्यात घातलं हुतं. घाल!”

मी उभी होते तशीच उभी राहिले. ऊन डोक्यावर होतं, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि लग्नापासून गिळलेलं सगळं माझ्या तोंडात आलं.

“कुठलं दूध?” मी म्हणाले. “वाळक्या झाडाला हलवून फळं पडतात का, आत्याबाई?”

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

“माझ्या अंगातच नाही ना? मग येईल कुठून? घरी डब्याचं आहे, घट्ट. पण घर लांब आहे.”

“वैजयंता...”

“आधी बोला. माझं मूल नेणार नाही म्हणून बोला.”

त्यांचं कण्हणं थांबलं. त्यांनी मान वर केली. माझा चेहरा कुठं आहे हे त्यांना दिसत नव्हतं, त्या गाडीच्या दाराकडं बघून बोलल्या.

“न्हाई बोलत.”

“डोळे जातील, आत्याबाई.”

“जाऊ द्यात. पोराच्या दुधावर सौदा करतीस? मी न्हाई करत. घालायचं आसंल तर घाल, न्हाईतर ऱ्हा हुबी.”

आणि त्यांनी माझं मनगट सोडून दिलं.

मी अजून काहीही ठरवलं नव्हतं. हे मी आजही शपथेवर सांगेन. मी गाडीची किल्ली शोधत होते. तेवढ्यात कळ आली असावी, त्या ओठ दाबून रडल्या, आणि मग दाबलेलं सुटलं. तान्हं पोर रडतं तसं, उंच, एका सुरात. माझी छाती त्या आवाजाला ओळखत होती. सासू आणि पोर यातला फरक तिला कळला नाही. दूध सुटलं. सदऱ्यावर दोन ओले डाग पडले आणि पसरत गेले, आणि पोटावरून धार खाली उतरली.

मी खाली बसले. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, बटणं काढली.

“पापणी उघडा.”

“उघडत न्हाई.”

मी दोन बोटांनी उघडली. आतला डोळा लालबुंद होता. पहिली धार त्यांच्या नाकावर गेली, दुसरी बरोबर लागली. त्यांनी श्वास आत घेतला आणि माझं लुगडं असतं तर त्याचा पदर धरला असता, तसा माझ्या सदऱ्याचा काठ मुठीत धरला. मी पिळत राहिले. डोळ्यातून दूध वाहून त्यांच्या कानात, केसात, वाळूत जात होतं. घट्ट, पिवळसर, सकाळपासून साठलेलं.

“आता दुसऱ्या डोळ्यात,” त्या म्हणाल्या.

“घालते.”

थोड्या वेळानं म्हणाल्या, “आजून हाय?”

“आहे.”

परत काही वेळ गेला. त्यांचं कण्हणं कमी झालं होतं.

“आजून?”

“आहे.”

“ती कड झाली आसंल. हिकडनं घाल आता.”

मी बाजू बदलली. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. मीच म्हणाले, “अजून आहे.”

परतीच्या वाटेवर मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. खडीवर चाकं घसरत होती आणि मी वेग कमी करत नव्हते. किनाऱ्याजवळ वारा उठला होता, वाळू काचेवर तडतडत होती. आत्याबाई डोळ्यांवर ओला पदर धरून बसल्या होत्या. तो कशानं ओला होता ते सांगायला नको.

“मला वाटलं वाळल्यालं हाय,” त्या अचानक म्हणाल्या.

“काय?”

“त्ये झाड. ह्या असल्या मुलखात, पाऊस न्हाई, पाणी न्हाई. वरनं दिसतंय नुसतं लाकूड. त्याच्यात दूध आसंल आसं कुणाला वाटंल?”

त्यांनी पदराची घडी बदलली आणि मी गाडी दवाखान्याकडं वळवली.

दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं नळी लावून बराच वेळ डोळे धुतले. पाण्यानं आणि दुधानं धुतल्याचं मी सांगितलं. दूध म्हटल्यावर त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, माझा सदरा बघितला, आणि म्हणाला की दुधाचं त्याला माहीत नाही, पण लगेच आणि भरपूर धुतलं हे बरं केलं, नाहीतर या झाडानं आंधळी झालेली माणसं त्यानं पाहिली आहेत. उजवा डोळा वाचेल, डाव्यात कदाचित पांढरी टिक राहील. टिक राहिली, आणि शेवटपर्यंत होती. त्यानं दोन्ही डोळ्यांवर कापूस ठेवून डोक्याभोवती पट्टी गुंडाळली.

यानंतर आमचं गूळपीठ जमलं असं कुणाला वाटत असेल, तर ते चूक आहे. त्या असेपर्यंत आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य राहिलं. माझ्या भाकरीला त्यांनी नावं ठेवली नाहीत असा एक दिवस मला आठवत नाही, आणि मीही कधी मागं सरले नाही. दुधाचा विषय त्यांनी परत काढला नाही. लेकालाही सांगितलं नाही. “त्या झाडाचं उडलं, हिनं धुतलं,” एवढंच.

पण त्या संध्याकाळी जे झालं ते झालं.

धैर्यशील दारातच उभा होता, खांद्यावर इंद्रजित. गाडीचा दिवा त्यांच्या अंगावर पडला तसा तो ओरडला, “प्याला गं! दोनदा प्याला! सगळी बाटली संपवली, जरासुद्धा कुरकुर नाही!”

मी गाडीचं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. दिवसभर मनात म्हणत होते, तो माझ्यावाचून पिणार नाही. तो प्याला होता. मजेत होता. बापाच्या खांद्यावर बसून मुठी चघळत होता.

मग धैर्यशीलला आईची पट्टी दिसली. मग धावपळ, “काय झालं, कसं झालं,” पाणी, उशी, शेजारच्या जर्मन बाईला हाक. तीही बिचारी आली, आणि खिडकीतल्या डब्यांकडं न बघता सूप देऊन गेली. सगळं निवल्यावर आत्याबाई आरामखुर्चीत बसल्या, मी कोपऱ्यात उभी होते. सदरा बदलायचंही सुचलं नव्हतं. धैर्यशीलनं रिकामी बाटली टेबलावर ठेवली.

“चला, तेवढा एक प्रश्न तर मिटला,” तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की एक काम झालं. “डोळे बरे झाले की तू त्याला घेऊन जा, आई. मी उद्याच तिकिटाचं बघतो.”

“कुणाचं तिकीट?” आत्याबाईंनी विचारलं.

“इंद्रजितचं. प्याला ना तो.”

“काय प्याला?”

“दूध. बाटलीनं.”

“न्हाई प्याला.”

धैर्यशील हसला. “अगं, दोनदा प्याला. ही बघ बाटली रिकामी.” आणि मग आईच्या डोळ्यांवर पट्टी आहे हे आठवून त्यानं बाटली तिच्या हातात दिली. आत्याबाईंनी ती चाचपली, उलटी करून हलवली आणि खुर्चीखाली जमिनीवर सोडून दिली. ती गडगडत भिंतीपर्यंत गेली.

“त्वा पाजलं आसशील. त्यो प्याला न्हाई.”

“आई, माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी.”

“आन् मी माझ्या.” आत्याबाईंनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले आणि पट्टी बांधलेलं तोंड लेकाकडं बरोबर वळवलं. “पोरगं बाटलीला तोंड लावत न्हाई. मी बघितलंय.”

धैर्यशीलनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

“आई, अगं तुला...”

“माझं तिकीट एकलीचं ऱ्हाऊ दे. आता बडबड करू नको. पोराला तिच्याजवळ दे, भुकेलंय ते.”

पोर भुकेलं नव्हतं. पोट तट्ट होतं त्याचं. पण मी त्याला घेऊन बसले, आणि तो प्याला. आत्याबाई मान तिरकी करून ऐकत होत्या.

“किती मचमच करतंय,” त्या म्हणाल्या. “बापावर गेलंय.”